कमरेवरचा हात

आमच्या गावात लग्नाला आलेल्या पाहुण्यांना एक गोष्ट हमखास दाखवली जाते. पंगत बसली की कुणीतरी जाणता माणूस वाढणाऱ्या बायकांकडे बोट करतो आणि म्हणतो, "त्या बघा, आक्कांच्या मुली. पंगतीत कधी बसायच्या न्हाईत. सगळ्यांना वाढणार, शेवटी उभ्या उभ्या चार घास खाणार. खेळानं लावलेली शिस्त हाय ही." पाहुणे माना डोलावतात. गावोगावी टेबल-खुर्च्यांवरच्या पंगती सुरू होऊन जमाना झाला, पण आमच्या गावाला हट्ट भारी. आमची पंगत अजून जमिनीवर, मांडी घालून. मीही ते कौतुक लहानपणापासून ऐकत आले आणि खरं सांगायचं तर त्यानं माझी मानही ताठ होत असे. कारण आक्का म्हणजे माझी सख्खी आत्ती, वडिलांची थोरली बहीण, वैजयंता खोत. आईमाघारी मला तिनंच वाढवलं. घरात ती माझी आत्ती आणि मैदानात बाकी मुलींसारखीच माझी आक्का.

कृष्णेकाठच्या आमच्या गावात खो-खो सोडून दुसऱ्या खेळाला कुणी खेळ म्हणत नाही. मागच्या आशियाई स्पर्धेपासून तो पदकांच्या यादीत आला, शहरांत मॅट आल्या, पाय पडला की आपोआप लाल होणाऱ्या रेषा आल्या. आक्कानं त्यातलं काहीही आमच्या मैदानात शिरू दिलं नाही. माती, दोन खांब आणि ती स्वतः, एवढ्यावर तिनं अर्धा महाराष्ट्र हरवणाऱ्या मुली तयार केल्या होत्या.

तिची सगळी विद्या एका गोष्टीत होती. तिला आम्ही बैठक म्हणायचो. खो-खोत पाठलाग करणारी मुलगी मैदानावर आखलेल्या चौकात उकिडवी बसते आणि मागून 'खो' मिळाला की बाण सुटावा तशी उठते. जी चांगली बसते तीच चांगली उठते, असं आक्काचं म्हणणं. म्हणून नवव्या-दहाव्या वर्षापासून आम्ही रोज पहाटे चौकात बसायचो. हलायचं नाही, हात टेकायचा नाही, आणि सर्वांत मोठा गुन्हा म्हणजे कमरेवर हात ठेवायचा नाही. कुणाचा हात चुकून गेलाच, तर आक्काचा आवाज यायचा, "कमरेवर हात इठोबानं ठेवावा. खेळाडूनं ठेवला तर घरी जावं." आणि ती मुलगी खरोखरच घरी जायची. मी बारा वर्षं बसले आणि एकदाही घरी गेले नाही.

बाविसाव्या वर्षी, आशियाई संघाच्या निवड चाचणीला पंधरवडा उरला असताना, माझा हात गेला.

खांबाजवळ वळताना उजव्या जांघेत आत खोलवर काहीतरी चावलं. तसं ते वर्षभर चावतच होतं. कधी जांघेत, कधी कुल्ह्याच्या बाजूला, कधी चक्क गुडघ्यात. सांगलीत आम्हा सगळ्याच मुलींच्या खुब्यांचे एक्स-रे फोटो काढून झाले होते. तिथले डॉक्टर म्हणाले, "हाडावर थोडा उंचवटा आहे, पण तुमच्या संघातल्या निम्म्या मुलींना असाच आहे आणि त्यांचं काही दुखत नाही." आक्कानं एवढंच ऐकलं. घरी येताना म्हणाली, "बघ, निम्म्या मुलींना हाय. तुलाच कसं दुखतंय?"

त्या दिवशी मात्र हात आपोआप गेला. अंगठा मागं, बोटं पुढं, खुबा मुठीत धरावा तसा. सगळं मैदान बघत राहिलं.

"केतकी," आक्का म्हणाली, "घरी जा."

"आक्का, खरंच दुखतंय गं."

"चाचणी तोंडावर आली की सगळ्यांचंच दुखतंय. भ्यालीस म्हण की सरळ. माझ्याबी पायात कधी गोळे आले नसतील व्हय? जा."

मी गेले. वाटेत रडले, आणि दुखण्यापेक्षा त्या 'भ्यालीस'नं जास्त रडले.

दुसऱ्या दिवशी तिला न सांगता मी पुण्याची गाडी पकडली. तिथल्या एका क्रीडावैद्यक संस्थेत डॉ. समीना मुजावर खेळाडूंच्या वेदनांवर काम करतात, असं शिबिरात ऐकलं होतं. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या आणि तुटक बोलणाऱ्या बाई. मी दारातून आत येत होते तेवढ्यात म्हणाल्या, "उजवा खुबा."

"तुम्हाला कसं कळलं?"

"हात बघ कुठे आहे तुझा. जगातला प्रत्येक खेळाडू खुब्याचं दुखणं असंच दाखवतो. नेमकं बोट ठेवता येत नाही, म्हणून सगळा सांधाच मुठीत धरतो. आमच्या शास्त्रातली सर्वांत जुनी खूण आहे ही."

मी दचकून हात काढला. आमच्या मैदानात जिला घरी पाठवतात, ती हीच खूण.

त्यांनी मला सांध्याची प्रतिकृती दाखवली. खुब्याचा सांधा उखळीचा असतो. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. वाटीच्या काठाला एक मऊ कडं असतं, कुकरच्या झाकणाला रिंग असते तसं. ते शाबूत असेल तर सांधा घट्ट आणि ओला राहतो. "आता हा तुझा माथा बघ. नीट गोल नाही, हाडाच्या मानेपाशी फुगलाय. तू खोल वाकून बसतेस तेव्हा हा फुगवटा कड्यावर आदळतो. हजारो वेळा आदळला की कडं फाटतं, आणि मग आतल्या हाडांवरची गुळगुळीत कूर्चा सोलून निघायला लागते."

"हा फुगवटा जन्माचा?"

"बहुतेक नाही. दहा ते चौदा वर्षांच्या वयात हाडाची वाढीची चकती कोवळी असते. त्या वयात रोज एकाच तऱ्हेचा भार पडला, की हाड त्या भाराशी जुळवून घेत वाढतं. शरीर बिचारं मदतच करत असतं." त्या थोडं थांबल्या. "पण फोटोत फुगवटा दिसला म्हणजे दुखतंच असं नाही. काहींना मोठा असून दुखत नाही, काहींना छोटा असून जीव जातो. हाडाचा फोटो निघतो, दुखण्याचा निघत नाही. म्हणून तर आम्ही पडसाद केला."

पडसाद म्हणजे दोन वस्तू. एक कागदाएवढी पातळ पट्टी, जांघेच्या कातडीवर चिकटवायची. सांध्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसांमधली ये-जा ती टिपते. दुसरी वस्तू म्हणजे पट्टा. तो दुसऱ्या माणसानं खुब्याभोवती बांधायचा. पट्टीनं टिपलेला संदेश जसाच्या तसा तो त्या माणसाच्या नसांत उतरवतो. एकाचं दुखणं दुसऱ्याला, त्याच क्षणी.

"मोजमापाचं काम पट्टी एकटीच करते," बाई म्हणाल्या. "पण आकडा दाखवला तरी माणसं विश्वास ठेवत नाहीत, असं आमच्या लक्षात आलं. म्हणून पट्टा. तुझं दुखणं कुणाला कळायला हवं आहे?"

मला विचार करावा लागला नाही. कड्याला लहानशी फट आहे, आत्ता थांबून दुर्बिणीची शस्त्रक्रिया केली तर वर्षभरात पुन्हा मैदानात येशील, हीच चाचणी आणि पुढचा हंगाम अशीच खेळलीस तर सांधा हातचा जाईल, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. तरी माझ्याच्यानं थांबवत नव्हतं. मला आक्कानं 'थांब' म्हणायला हवं होतं. दुसऱ्या कुणाच्या शब्दावर मी थांबू शकले नसते.

आक्का नाही म्हणेल असं वाटलं होतं. पण ती कडक असली तरी अप्रामाणिक नव्हती. समीना बाई स्वतः गावी आल्या, त्यांनी सगळं समजावून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "चालंल. खरं असंल तर मला कळंल, खोटं असंल तर हिला कळंल."

"आज रात्रभर पट्टा तुमच्या अंगावर राहील," बाई म्हणाल्या. "तुमच्या सांध्याकडून एरवी काय काय संदेश जातात ते तो शिकेल. उद्या केतकीकडून येणारा संदेश त्याच्याशी ताडून बघेल आणि जेवढा फरक असेल तेवढीच भर घालेल. तिच्या दुखण्यापेक्षा कणभरही जास्त नाही."

"घाबरवताय व्हय मला?" आक्का हसली. जेवण तिनं नेहमीसारखं स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून, उभ्यानंच केलं.

सकाळी मैदानात आम्ही तिघीच. मी चौकात बसले. खाली जाताच ते चावणं सुरू झालं. मी उठले, धावले, खांबाला सूर मारला, परत बसले. घाम डोळ्यांत उतरला. तिसऱ्यांदा बसताना तोंडातून आवाज निघाला. वर पाहिलं. आक्का हाताची घडी घालून उभी होती. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नव्हती.

"झालं?" तिनं विचारलं.

"आक्का, काहीच नाही जाणवलं?"

"कायबी न्हाई." तिनं पट्टा सोडायला घेतला. आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "केतकी, वाघीण म्हणून वाढवलं गं तुला. चुकलं माझं."

मला स्वतःचीच शंका आली. हे दुखणं माझ्या डोक्यातलंच असेल का? एवढं मोठं यंत्र, शास्त्र, पुण्याच्या बाई, आणि शेवटी काही नाहीच? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

समीना बाई मात्र आपल्या पडद्यावरून नजर काढत नव्हत्या. "पट्टा काढू नका," त्या म्हणाल्या. त्यांनी दोनदा काहीतरी तपासलं. मग खाली मातीतच बसल्या आणि आक्काकडे वर बघत म्हणाल्या, "ताई, पट्टा बिघडलेला नाही. त्यानं भर घातलीच नाही. घालायला जागाच नव्हती."

"म्हंजे?"

"केतकीचं दुखणं खरं आहे, चांगलं जोराचं आहे. पण रात्रभर तुम्ही झोपलेल्या असताना तुमच्या खुब्याकडून जे गेलंय, ते त्याच्याही वर आहे. तिचं दुखणं तुमच्या नेहमीच्या दुखण्यात बुडून गेलं."

आक्का फिस्सकन हसली. "माझं कायबी दुखत न्हाई."

"तुम्ही कुशीवर झोपता का?"

"उजव्या कुशीवर न्हाई झोपत. सवय न्हाई."

"खाली मांडी घालून शेवटच्या कधी बसलात?"

आणि तेवढ्यात मला दिसलं. ओट्याला टेकून जेवणारी आत्ती. देवघरापुढे उभ्यानं आरती करणारी. गाडीत सीटच्या कडेला एक पाय लांब सोडून बसणारी. आणि पंगतीत वाढणाऱ्या त्या सगळ्या बायका, तिच्या पहिल्या तुकड्यांतल्या, चाळिशीच्या, हातात आमटीची बादली घेऊन, पाय जरासे बाहेर टाकत चालणाऱ्या. त्या शिस्तीनं उभ्या नव्हत्या. त्यांना बसता येत नव्हतं. साऱ्या गावानं इतकी वर्षं त्यांच्या लंगडण्याचं कौतुक केलं होतं.

"उगा कायतरी," आक्का म्हणाली. तिनं पट्टा सोडून माझ्या अंगावर टाकला. "ही पट्टी मला चिकटवा आणि पट्टा हिला बांधा. कळू दे हिला, माझं किती दुखतंय ते. काय असंल तर ना."

समीना बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. माझ्या सांध्याच्या एरवीच्या संदेशांची मोजदाद पुण्यातच झाली होती. त्यांनी पट्टा बांधला आणि म्हणाल्या, "हळूहळू चढवते. नको वाटलं की हात वर कर." आक्का नुसती उभी होती, रोज असते तशी, शिट्टी गळ्यात, पाय रोवून.

आधी जांघेत ऊब आली. मग ती ओळखीची चावण. ती थांबेल असं वाटत होतं तिथं थांबली नाही. आत कुणी पाटा-वरवंटा घेऊन बसावं तसं काहीतरी सावकाश घासत राहिलं, मांडीतून गुडघ्यात उतरलं, मागं माकडहाडापर्यंत पोचलं. मी श्वास सोडायची विसरले. आणि आक्कानं फक्त एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला, माणूस उभ्या उभ्या घेतो तेवढाच. माझा पाय गेला. मी मातीत कोसळले, हात वर करायचंही सुचलं नाही. बाईंनी बंद केलं.

डोळे उघडले तर आक्का माझ्यावर वाकली होती. तिचा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता.

"काय झालं? एवढं काय झालं तुला?"

"आत्ती," मैदानात मी तिला कधी आत्ती म्हटलं नव्हतं, "तू ह्याच्यात राहतीस?"

मी तिच्या गळ्यात पडले आणि ओक्साबोक्शी रडले. तिच्यासाठी रडले की माझ्यासाठी, ते मला आजही सांगता येणार नाही.

मग माझ्या मनात जे आलं त्याची बाईंनासुद्धा कल्पना नव्हती. हे घेऊन ही बाई इतकी वर्षं उभी आहे. ह्याच्यात तिनं माझी वेणी घातली, मला कडेवर घेतलं, पहाटे मैदान झाडलं. आणि मी त्याच्या निम्म्यावर रडत पुण्याला पळाले. मी डोळे पुसले.

"मी चाचणी खेळते," मी म्हणाले.

"न्हाई," आक्का म्हणाली.

"तू एवढं सोसलंस. माझं त्यापुढं काहीच नाही."

"म्हणूनच न्हाई." ती समीना बाईंकडे वळली. "कवापासनं असंल हे माझं?"

"नक्की सांगता येणार नाही. विशीपासून असावं. रोज थोडं थोडं वाढत गेलं की मेंदू त्यालाच सपाट जमीन समजतो. तुम्ही खोटं बोलत नव्हता, ताई. तुम्हाला खरंच कळत नव्हतं. तुमचा सांधा आता बदलावा लागेल. हिचा वाचेल."

आक्का खांबाला टेकली.

"एकोणीस वर्षांची होते," ती म्हणाली. "राज्य स्पर्धेच्या आदल्या दिवशी आमच्या सरांना म्हणलं, सर, आत कायतरी चावतंय. सर म्हणाले, दुखायचंच. दुखतंय म्हंजे तयार होतीयास. देवमाणूस होते. वाईट सांगितलं न्हाई त्यांनी, त्यांना जेवढं ठावं होतं तेवढंच सांगितलं. मी म्हणलं, बरं. तवापासनं ह्याला दुखणं म्हणायचंच सोडून दिलं." ती माझ्याकडे वळली. "आणि तुम्हा पोरींना मी ह्या मापानं मोजत आले. माझ्यापेक्षा कमी दुखतंय म्हंजे दुखतच न्हाई. किती पोरींना घरी घालवलं गं मी? ज्या हात ठेवून घरी गेल्या त्या वाचल्या. ज्या ऱ्हायल्या..."

तिनं वाक्य पुरं केलं नाही. त्या कुठं होत्या ते आम्हा दोघींना माहीत होतं. पंगतीत वाढत होत्या.

त्याच संध्याकाळी तिनं खो-खो संघटनेला फोन लावला. मी शेजारी उभी होते. "केतकी खोत चाचणीला येणार न्हाई. दुखापत हाय," ती म्हणाली. दुखापत हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. फोन ठेवला आणि माझ्या हातातून आशियाई स्पर्धा गेली. मला जे हवं होतं तेच मिळालं होतं, तरी छाती फुटेल असं वाटलं. तिनं जवळ घेतलं नाही, ते तिला जमत नाही. ताटात भाकरी वाढली आणि माझ्यासमोर उभी राहिली, मी जेवेपर्यंत. मग म्हणाली, "सकाळी मैदानात ये. काम हाय."

सकाळी लहान गट बैठकीला बसला होता. नऊ-दहा वर्षांच्या मुली, पाठी ताठ, नजरा समोर, एकीआड एक उलट्या तोंडानं. खरंच देखणी रांग होती ती. आक्का रांगेच्या तोंडाशी येऊन उभी राहिली.

"जिचं आत दुखत असंल तिनं कमरेवर हात ठेवा," ती म्हणाली.

एकही हात हलला नाही. तिनंच तसं शिकवलं होतं.

"मी रागावणार न्हाई. खरं सांगा."

मुली समोर बघत राहिल्या. एकीच्या कपाळावरून घाम ओघळत होता, तो पुसायलाही तिनं हात उचलला नाही. आक्का हताश होऊन माझ्याकडे बघू लागली. तिच्याच शिकवणीपुढं तिचं काही चालत नव्हतं. मग तिनं गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली आणि आपला उजवा हात कमरेवर ठेवला. अंगठा मागं, बोटं पुढं, खुबा मुठीत धरून.

"माझं दुखतंय," ती साऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "लई दुखतंय. लई वर्षं दुखतंय."

रांगेत चुळबुळ झाली. मधल्या चौकातल्या एका मुलीचा हात वर आला, हवेत अडखळला आणि खुब्यावर गेला. मग तिच्या पुढचीचा. मग एकदम तीन-चार. ज्या मुली घाटात धावताना कधी कुरकुरल्या नव्हत्या त्यांचेही. मी मोजलं नाही, मला बघवत नव्हतं. आक्का मात्र प्रत्येक हाताकडे बघत होती, एकही न चुकवता.

शेवटच्या चौकात वारणा बसली होती, आक्काकडे येऊन तिला वर्षही झालं नव्हतं. हात खुब्यावर ठेवून तिनं रडवेल्या आवाजात विचारलं, "आक्का, मग आता आम्ही घरी जायचं?"

"न्हाई," आक्का म्हणाली. "कुणी कुठं जायचं न्हाई. हितंच बसा. पाय पसरून बसा."

मुलींना ते कळेना. त्या मैदानात असं कधी कुणी बसलं नव्हतं. तेव्हा आक्कानं माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि खाली बसायला लागली. तिला फार वेळ लागला. अर्ध्यात ती थांबली, तोंडातून आवाज निघाला आणि तिनं तो दाबला नाही. कुणी हसलं नाही. शेवटी ती मातीत टेकली, दोन्ही पाय समोर लांब केले आणि हातानं शेजारची जागा थोपटली.

"या," ती म्हणाली. "एकेकीनं येऊन सांगा, कुठं दुखतंय."